काळ्या कागदावरचा कौल

आत्याच्या गच्चीवर दांडी उभी राहिली आणि थोड्याच दिवसांत देवळाचा कर्णा श्वास घ्यायला लागला.

दांडी म्हणजे बोटींशी बोलायच्या वायरलेसची अँटेना. पांढरी, माणसापेक्षा उंच, खालून एक काळी तार निघालेली. ती तार जिन्यावरून आत्याच्या माजघरात उतरते आणि फळीवरच्या एका पेटीत शिरते. सकाळ-संध्याकाळ आत्या त्या पेटीसमोर बसते, हातातलं बटण दाबते आणि दर्यावर गेलेल्या एकेका बोटीला हाक मारते. वारा कसा आहे, बंदरात बर्फ आहे की नाही, कुणाच्या घरी काय झालं, सगळं सांगते. मोबाईल किनारा सुटला की थोड्याच वेळात मरतो. त्यापुढे फक्त आत्याचा आवाज पोचतो.

ती बटण दाबते तेव्हा इकडे देवळात आरती चालू असली, तर कर्ण्यातून आधी ‘धप्’ असा बारीक आवाज येतो. मग कुणीतरी श्वास आत ओढून धरून ठेवावा तशी पोकळ शांतता. तिने बटण सोडलं की तो श्वास सुटतो. मी तो ऐकला आहे. कर्ण्याची लांबलचक तारच वायरलेसच्या लहरी पकडते, हे मला नंतर समजलं. समजल्यावरही तो आवाज ऐकताना मी मागे वळून पाहायचे.

त्याच सुमारास देवीने कौल देणं थांबवलं.

आमच्याकडे मोठा प्रश्न असला की गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोट घ्यावी का, पोरगी त्या घरात द्यावी का, सगळं असं विचारलं जातं. आता कळ्या पडेचनात. चिकटवलेल्या जागी त्या तशाच सुकत. गुरव समोर उभा राहून राहून दमायचा, लोक उठून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर काळ्या पडलेल्या कळ्या दिसायच्या.

गावकीचे पंच आत्याच्या ओटीवर आले. बोलणारा एकटा अध्यक्षच होता.

“वहिनी, दांडी उतरव. देवी घुसमटते.”

“देवी घुसमटते का तुमी?” आत्या म्हणाली. “तुमचाच पोरगा रोज दर्यावरून विचारतो, काकी, घरची बरी हायत ना. तवा कोन घुसमटत न्हाय?”

“उतरव, न्हायतर घर वाळीत.”

तो हे शांतपणे म्हणाला, असं आत्याने मला फोनवर सांगितलं. वाळीत टाकणारे ओरडत नाहीत. मी लहानपणापासून सुट्टीत गावी येऊन पाहत आले आहे. दुकानदार वजनकाटा झाकून ठेवतो, लग्नाची हळद दारावरून पुढे जाते, तिरडीला खांदा मिळत नाही, आणि यातलं काही कुणी केलंय असं कुणीच म्हणत नाही. आत्याच्या बाबतीत अर्थ अगदी सरळ होता. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, स्वतःची बोट चालवणारा तांडेल आहे. घर वाळीत पडलं की त्याच्या बोटीवर एकही खलाशी चढणार नव्हता. दांडी उतरवली तर गावच्या सगळ्या बोटी मुक्या होणार होत्या. यातलं एक आत्याने निवडायचं होतं.

मी मुंबईहून धावत गेले ती हातात पत्रकाचा मसुदा घेऊनच. आमच्या घरात पत्रकंच वाढली, माणसं त्यांच्या मधल्या जागेत राहायची. वडील गिरणीच्या दारात पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पाठकोऱ्या कागदांवर मी अक्षरं गिरवली. म्हणून अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. ‘पंचांना हा अधिकार कुणी दिला?’ असा मथळा होता. तो मला आजही बरोबर वाटतो. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, त्याविरुद्ध कायदा आहे, आणि ज्या पाच माणसांना कुणी निवडून दिलेलं नाही त्यांनी एका बाईचं जगणं बंद करावं ही गुंडगिरी आहे.

आत्याने मसुदा वाचला आणि डब्याखाली ठेवला. “पत्रक वाचून कोन सुधारला गो? तुजा बाप?”

“मग पोलिसांत जाऊ.”

“जाऊ की. येतील, कागद करतील, चहा पितील. पोराच्या बोटीवर खलाशी म्हनून चढनार हायत काय ते?”

मग मला माझी मैत्रीण आठवली.

ती तळा तालुक्यातली. घरची भातशेती, आणि स्वतः अभियांत्रिकी कॉलेजात अँटेनांचा अभ्यास करते. ती लहरींचे फोटो काढते असं मी लोकांना सांगायचे, तेव्हा ती चिडायची. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने ती रेवसला उतरली. खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, छातीशी भेंडोळं, आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेलं.

भेंडोळ्यात काळा कागद होता. त्यावर कार्बनचा पातळ थर दिलेला. तिने आत्याच्या स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. अँटेनातून निघणारी लहर डोळ्यांना दिसत नाही. पण हा कागद तिच्यासमोर धरला की तो थोडी लहर शोषून घेतो आणि तापतो. जिथे लहर जोरात तिथे जास्त, जिथे क्षीण तिथे कमी. इतकं थोडं की हाताला कळणार नाही. हा कॅमेरा मात्र प्रकाशाऐवजी उष्णता पाहतो, त्यामुळे त्याला कागदावर लहरीचा आकार उमटलेला दिसतो.

“म्हंजे भाकरीवर डाग कुठं पडले त्यावरून खालचा जाळ वळखायचा,” आत्या म्हणाली.

“तसंच. फक्त जाळ दिसत नाही.”

बेत साधा होता. अँटेनाजवळ कागद धरून लहर दाखवायची. मग तोच कागद दांडीपासून देवीपर्यंत आहे तितक्या अंतरावर न्यायचा आणि तिथे काहीच उमटत नाही हे सगळ्यांना दाखवायचं. पाषाणाला कुणी गुदमरवत नाही, हे डोळ्यांनी बघा आणि घरी जा. मी पत्रकाचा मथळाही बदलून ठेवला होता.

अध्यक्षाने दोन अटी घातल्या. जे दाखवायचं ते देवीसमोर सभामंडपात. आणि कर्णा चालू राहील.

दुपार टळता टळता मंडप भरला. पुरुष खांबांच्या पुढे, बाया भिंतीलगत शहाबादी फरशीवर. वाऱ्याच्या झुळकीनेही कागदावरची ऊब उडून जाते, म्हणून दारं लावली आणि पंखे बंद केले. मंडपात भजनासाठी ठेवलेल्या टीव्हीला मैत्रिणीने कॅमेरा जोडला. टेबलावर तिने तिची अँटेना आडवी ठेवली. दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या, टोकाला टोक लावल्यासारख्या, मधून तार निघालेली. दांडीचंच लहान भावंड, ती म्हणाली. तार आत्याच्या जुन्या वायरलेसच्या पेटीला, पेटी बॅटरीला.

टीव्ही लागला आणि मंडपातल्या माना तिकडे वळल्या.

पडद्यावर आम्ही होतो, पण आमचे कपडे, चष्मे, वय काही नव्हतं. राखाडी अंधारात पांढरे चेहरे तरंगत होते. नाकाचे शेंडे काळे. चष्म्याच्या जागी काळी भोकं. एक म्हातारी हसली आणि तिच्या तोंडातून उजेड बाहेर पडला. तिने लगेच पदर तोंडावर घेतला. पदरातूनही तो जरासा दिसतच राहिला.

“देवी दाखव,” कुणीतरी म्हणालं.

मैत्रिणीने कॅमेरा गाभाऱ्याकडे वळवला. पाषाण गार, करडा. त्यावरचा चांदीचा मुखवटा मात्र दिसेना. त्याच्या जागी एक गडद पोकळी, आणि त्या पोकळीत लांबट, वाकडी झालेली पांढरी माणसं हलत होती. मी हात वर केला. पोकळीतल्या एका आकाराने हात वर केला.

“चांदी घासलेली आहे ना,” मैत्रीण घाईघाईने म्हणाली. “ती उष्णतेला आरशासारखी. ते आपणच आहोत.”

तिने खरं तेच सांगितलं. पण ‘ते आपणच आहोत’ हे शब्द त्या बंद मंडपात फार वेळ राहिले. बायांनी हात जोडले. कुणाला, ते मला विचारू नका.

अध्यक्षाने घसा साफ केला. “आदी कर्ण्याचं सांग.”

“कर्ण्याची तार लांब आहे, तीच अँटेनासारखी वागते. तारेला लहर अडवणारा फेराइटचा एक मणी बसवला की आवाज थांबेल. आणलाय मी.” तिने पिशवीतून काळा जाड मणी काढून दाखवला.

मंडपातून एकदम हुंकार आला. गुरव, इतका वेळ खांबाला टेकून होता तो, सरळ झाला.

“मनी बांधायचा? काळा? कर्ण्याला?” त्याने सगळ्यांकडे पाहिलं. “म्हंजे बाधा हाय, हे तूच कबूल केलंस गो बाय!”

पुरुष हसले. मैत्रिणीने कॅमेरा गाभाऱ्यावरून टेबलाकडे वळवला. मीच बटण हातात घेतलं, कारण तिला कॅमेरा आणि कागद सांभाळायचे होते. तिने काळा कागद चौकटीत ताणून अँटेनाच्या मागे वीतभर अंतरावर उभा केला आणि मला खूण केली.

मी बटण दाबलं.

कर्ण्यातून ‘धप्’. आणि मग तो श्वास. आत ओढलेला, धरून ठेवलेला, आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर. पडद्यावर कागद नुसता काळा होता. कुणीतरी खोकायला घेतलेलं गिळून टाकलं. मग कागदाच्या उजव्या अंगाला, राखेखालचा निखारा फुंकल्यावर दिसतो तसं काहीतरी उमलायला लागलं. त्यानंतर डाव्या अंगाला दुसरं, जरा मंद. मधली जागा काळीच राहिली. दोन उजेड, शेजारी शेजारी, आमच्याकडे पाहत असल्यासारखे. लहर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ती नळ्यांच्या टोकांशी जास्त असते आणि मधे कमी, हे मैत्रिणीने मला सांगितलेलं होतं. तरी मी मागे वळून पाहिलं.

मी बटण सोडलं. श्वास सुटला. उजेड हळूहळू विझले. डावा आधी गेला, उजवा मागून.

“उजवा!” गुरव ओरडला. “उजवा जोरात! कौल दिला आईनं!”

मंडपात कल्लोळ झाला. कितीतरी दिवस अडकलेला कौल सुटला होता आणि प्रश्न एकच होता, दांडी ठेवावी की नाही. उजवा म्हणजे ठेवा. बाया आत्याकडे वळून पाहत होत्या, काहींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बस्स, संपलं होतं. इथेच थांबलं असतं तर आत्या सुटली होती.

तेवढ्यात अध्यक्षाने हात वर केला. “थांबा. उजवा कुनाचा? आपला का देवीचा?”

“कौल देवीच्या अंगानं मोजतात,” तो म्हणाला. “ती आपल्याकडं तोंड करून हाय. आपला उजवा म्हंजे तिचा डावा. नकार हाय हा.”

“पाषानावर देवीच्या अंगानं!” गुरव म्हणाला. “हा कागद हाय. कागदाला कुठलं अंग?”

“उजेडाला डोळे होते ते दिसले न्हाय? डोळे हायत म्हंजे तोंड हाय. तोंड हाय म्हंजे अंग हाय.”

दोघं खरोखर भांडायला लागले आणि लोकही दोन बाजूंना वाटले गेले. माझ्या आत्याचं घर, माझ्या भावाची बोट, त्या एका प्रश्नाला टांगलेली होती. मला ते सहन होईना. मी टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

“हा कौल नाही,” मी म्हणाले. “ना उजवा, ना डावा. तार ज्या नळीला थेट जोडली आहे ती बाजू जास्त तापते. एवढंच.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. बोटीवरून माल उतरवताना एखाद्याच्या हातून टोपली निसटली की तो जसा पाण्याकडे पाहतो, तसं तिने पाहिलं.

“दाखव मंग,” अध्यक्ष म्हणाला.

मैत्रिणीने अँटेना उचलली आणि टोकं उलटसुलट करून परत ठेवली. मी बटण दाबलं. धप्. श्वास. या वेळी डावा उजेड आधी उमलला आणि भरभरून वाढला, उजवा मागे मंद राहिला. मी सोडलं. ते विझले.

मला वाटलं होतं, कुणीतरी हसेल. एखादा तरी म्हणेल, काय येडे झालो होतो आपण. कुणी हसलं नाही. मंडपातली माणसं टीव्हीकडून हळूहळू गुरवाकडे वळली. नुसती बघत राहिली.

“माज्याकडं काय बघताव?” गुरव म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “मी कदी फिरवला न्हाय. देवीशपथ. कदीच न्हाय.”

कुणी विचारलेलं नव्हतं.

त्या क्षणी मंडपात जी भीती शिरली ती दांडीची नव्हती. किती घरांनी त्या कळ्यांवर पोरी दिल्या असतील, भाऊ तोडले असतील, देव जाणे. अध्यक्षाला ती भीती कळली आणि त्याने ती लगेच आत्यावर ढकलली, कारण तसं करणं सोपं होतं. तो उभा राहिला, देवीला हात जोडले आणि गावकीच्या बैठकीत बोलतात त्या सुरात सुरू केलं.

“देवीसमोर असा खेळ मांडला गेला. तवा आजपासून या घराशी गावानं...”

आत्या उठली.

तिने लुगड्याचा काठ झटकला. “बोटींची येळ झाली,” ती म्हणाली, आणि बायांच्या मधून वाट काढत, कडी काढून, दार उघडून गेली. बाहेरचा उजेड आत आला आणि दार लागल्यावर पुन्हा गेला.

अध्यक्ष वाक्य पुढे नेणार होता. पण लोक त्याच्याकडे पाहतच नव्हते. गोंधळात मैत्रिणीच्या हातून कॅमेरा खाली वळला होता, बाया बसल्या होत्या त्या फरशीकडे. टीव्हीवर भिंतीलगत पांढऱ्या बायांची रांग होती आणि रांगेच्या मधे, आत्या बसली होती तिथे, रिकाम्या फरशीवर एक पांढरा आकार अजून बसलेला होता. मांडी घातलेली. शेजारी टेकलेल्या हातांचे पंजे, पाची बोटांसकट. डोळ्यांनी फरशीकडे पाहिलं तर तिथे काही नव्हतं. टीव्हीकडे पाहिलं तर ती होती, आणि कडेकडेने विरत होती.

“काय हाय ते?” कुणीतरी विचारलं.

“तिची ऊब,” मैत्रीण म्हणाली. “माणूस गेल्यावर राहते थोडा वेळ.”

जवळच्या बाया त्या जागेपासून अंग चोरून सरकल्या. त्या सरकल्या तसे त्यांच्याही मागे डाग राहिले. बोटं विरली, मग पंजे, मग मांडीचा मधला भाग तेवढा उरला. माणसाला गावातून काढतात तेव्हा असंच होत असावं, असं मला तेव्हा वाटलं. कुणी मारत नाही. सगळे बघत बसतात आणि ते माणूस कडेकडेने कमी होत जातं.

अध्यक्षाची सून उठली. तिचा नवरा दर्यावर होता. तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही. “मना ऐकायचाय त्यांचा आवाज,” असं कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली आणि दाराकडे गेली. तिच्यामागून ती पदर घेतलेली म्हातारी. मग दोघी एकदम. मग कोण आधी आणि कोण मागून ते कळेनासं झालं. दार उघडंच राहिलं.

पडद्यावर भिंतीलगत बायांची पूर्ण रांग तशीच बसलेली होती. एकही बाई तिथे नव्हती.

पुरुष हलले नाहीत. अध्यक्षाचं तोंड अर्धवट उघडं होतं. आणि तेवढ्यात वर कर्ण्यातून ‘धप्’ आला, आणि श्वास, लांब, ओढून धरलेला. या वेळी बटण माझ्या हातात नव्हतं. आत्या पहिल्या बोटीला हाक मारत होती.

“बंद कर गो ते,” गुरव टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला. “बंद कर, पाया पडतो.”

मैत्रिणीने वायर काढली.

अध्यक्षाने ते वाक्य पूर्ण केलं नाही. त्या दिवशी नाही आणि अजूनही नाही. वाळीत टाकलं असं कुणी जाहीर केलं नाही, टाकलं नाही असंही कुणी म्हटलं नाही. मी पत्रक छापलं, मूळ मथळ्यानेच, कारण ते अर्धं वाक्य कुणीही, कधीही पुरं करू शकतं आणि तो अधिकार पंचांना अजूनही कुणी दिलेला नाही. लहरींचा फोटो मात्र मी त्यात घातला नाही. गावात काही जणींनी तो मागितला होता, देव्हाऱ्यात ठेवायला.

आतेभावाची बोट पुढच्या फेरीला निघाली तेव्हा मी धक्क्यावर आत्याशेजारी उभी होते. ओहोटी लागायच्या आत निघायचं होतं. खलाशी एकेक करून येत गेले. आले, पण आत्याकडे न बघता चढले. अध्यक्षाचा पुतण्या शेवटपर्यंत आला नाही. भावाने थोडी वाट पाहिली आणि दोर सोडायला सांगितलं.

“एक कमी,” मी म्हणाले.

“दिसतंय मना,” आत्या म्हणाली. बोट खाडीच्या मुखाशी वळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. “त्याची आय आली हुती सकाळी. बोलली, पोरगा बोटीवर आला न्हाय तरी मी पेटी ऐकायला येईन. चालंल का?”

“तू काय म्हणालीस?”

“बोलली, चपला भायेर काढ.”